कंट्रोलर काका

कंट्रोलर काकांच्या बैठकीत बसायचं तर आधी रजिस्टर सरकवावं लागतं. लाल कापडी बांधणीचं, कचेरीत असतं तसलं लांबट रजिस्टर. त्यात पट्टीनं आखलेले रकाने : तारीख, कार्यक्रम, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, कॅसेट क्रमांक, शेरा. काका एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. हिंगोलीच्या बसस्थानकावर माईकसमोर बसून "औंढा, जिंतूर मार्गे परभणी" आणि "कळमनुरी मार्गे नांदेड" म्हणण्यात त्यांची उमेद गेली. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, रकाने सुटले नाहीत. त्यांच्या लेखी टीव्हीवरचा कार्यक्रम लागत नाही, सुटतो. आणि संपत नाही, पोचतो. रात्री बाराचा सिनेमा टायमरवर लावला की तो मुक्कामी. क्रिकेटचा सामना म्हणजे जादा गाडी. पाऊस आला की शेऱ्यात 'रद्द' लिहून खाली आडवी रेघ.

कारण काका रेकॉर्डिंग करतात. व्हीसीआरवर. आजही.

रेकॉर्ड केलेलं ते बघतात असा मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. एकदा मी विचारलं, "काका, एवढं भरून ठेवता, बघता कधी?" तर माझ्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघून म्हणाले, "बघायला काय, कवाबी बघता येतंय. आलेली गाडी फलाटाला लागली पाहिजे. माणसं चढली का नाही, ते आपलं काम नाही." फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल वीस वर्षं जपणारे आणि विजेच्या बिलांच्या पावत्या तारेला टोचून ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. काका त्याच गोत्रातले, फक्त ते वेळ टोचून ठेवतात. भिंतीतल्या कपाटात कॅसेटी उभ्या लावलेल्या, प्रत्येकीच्या कण्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर काकांचं सरळ रेषेतलं अक्षर. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, म्हणून भादव्यातल्या उन्हात गोधड्यांच्या शेजारी कॅसेटी गच्चीवर. ऊन थेट लागू नये म्हणून त्यांच्यावर काकूंचं जुनं लुगडं. गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, इथं वाळवण आहे.

व्हीसीआर १९९६ च्या वर्ल्ड कपाच्या तोंडावर नांदेडहून आला. त्याआधी हिंगोलीत हे यंत्र भाड्यानं यायचं : गणपतीत मंडळाच्या वर्गणीतून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि रात्रभराचे तीन सिनेमे. स्वतःच्या घरी कायमचा व्हीसीआर ही त्या काळी जीप बाळगण्याच्या खालोखालची गोष्ट होती. आणि त्या काळी जोडणीही सोपी. केबलची वायर व्हीसीआरच्या पाठीत शिरायची, दुसऱ्या भोकातून निघून टीव्हीत जायची. वायरीतून सगळी चॅनलं एकदम येत. व्हीसीआरला स्वतःचं डोकं होतं, टीव्हीला स्वतःचं. त्यामुळे काका एक कार्यक्रम भरत असताना काकू दुसरा बघू शकत. या एका सोयीवर त्या दोघांचा संसार वीस वर्षं विनाअपघात चालला.

मग बॉक्स आला.

केबलच्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि सगळा देश टप्प्याटप्प्यानं डिजिटल करायचं ठरलं. आधी २०१२ मध्ये मुंबई-दिल्लीसारखी महानगरं, मग २०१३ मध्ये पुणे, नागपूर, औरंगाबाद वगैरे, आणि आमच्यासारख्या नगरपालिकेच्या गावांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत. देशभर कोर्टकचेऱ्या झाल्या, मुदती लांबल्या. काका मात्र वर्तमानपत्रातलं कात्रण रजिस्टरात चिकटवून ठरल्या तारखेला सकाळी अंघोळ करून बसले होते. बॉक्स आला पुष्कळ नंतर, एका दुपारी, केबलवाल्याच्या पोऱ्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून. काकांनी रजिस्टरात पहिली नोंद केली : 'उशिरा'.

पोऱ्यानं बॉक्स टीव्हीला जोडला, चित्र दाखवलं आणि सही मागितली. काका म्हणाले, "थांब. आता ह्याला जोड." पोऱ्यानं व्हीसीआरकडे पाहिलं. तो बहुधा त्या यंत्राहून लहान होता.

"मामा, हे काय हाय?"

"रेकॉर्डिंगचं."

"मोबाइलवर भेटतंय की सगळं. ह्याला कामून जोडायलाव?"

काकांनी उत्तर दिलं नाही. माईकसमोर बसणाऱ्या माणसाला चौकशीच्या खिडकीतले प्रश्न ऐकू येत नसतात.

पोऱ्या गेल्यावर काकांनी जुन्या पद्धतीनं वायर व्हीसीआरच्या पाठीत घातली. मुंग्या. एक ते नव्व्याण्णव सगळीकडे मुंग्या. दोष यंत्राचा नव्हता. आता वायरीतून चॅनलं उघडी चालत येत नाहीत, कुलूपबंद आकड्यांत येतात. कुलपाची किल्ली बॉक्सातल्या कार्डात, आणि बॉक्स एका वेळी एकच चॅनल उघडतो. हे मी काकांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे ड्रायव्हर एक, स्टिअरिंग त्याच्या हातात, आपण नुसतं मागं बसायचं." चार परिच्छेदांत मला जे जमलं नसतं ते त्यांनी एका वाक्यात केलं.

मग पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिनांची वायर आली. बॉक्समधून व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरमधून टीव्हीत. व्हीसीआरचं चॅनल एकच्याही खाली उतरवलं की पडद्यावर 'एव्ही' उमटतं आणि तिथं बॉक्सचं चित्र दिसतं. हे 'एकच्याही खाली' सापडायला काकांना पूर्ण एक रविवार लागला. शून्य नंबरचा फलाट असू शकतो हे त्यांना मुळात पटत नव्हतं. चित्र दिसलं. काकांनी संध्याकाळच्या कीर्तनाला टायमर लावला. आता व्हीसीआरचा स्वभाव असा की टायमर लावला की तो स्वतःला बंद करून वेळेची वाट बघत बसतो. आणि तो बंद झाला की त्याच्या पोटातून टीव्हीकडे जाणारं चित्रही बंद. साडेसहाच्या कीर्तनासाठी दुपारी चारपासून टीव्ही काळा. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, अंधार कामून पडलाय?"

काका बाजारात गेले आणि एका पिनेच्या दोन करणारी वायर घेऊन आले. बॉक्समधून एक फाटा व्हीसीआरला, एक फाटा सरळ टीव्हीला. दुकानदारानं सांगितलं नव्हतं ते हे की एवढासा सिग्नल दोघांत वाटला की दोघंही अर्धपोटी राहतात. चित्र आलं, पण सगळ्या मालिकांत अमावस्या. सासू कोण आणि सून कोण हे आवाजावरून ओळखायचं. काकूंनी आठवडाभर सहन केलं आणि मग वायर काढून देवघरामागे लपवली. ती अजून सापडलेली नाही. म्हणजे सापडली आहे, पण काका विचारत नाहीत.

अखेर तह झाला. दिवसा टीव्ही काकूंचा, बॉक्सला थेट जोडलेला. रेकॉर्डिंगच्या वेळी पिना बदलायच्या. पण इथं खरी अडचण पुढे आली. टायमर व्हीसीआरला उठवतो, बॉक्सवरचं चॅनल कोण बदलणार? जुन्या काळी काका आठ कार्यक्रम महिनाभर आधी लावून निर्धास्त गावाला जात. आता दर कार्यक्रमाला बॉक्सच्या रिमोटवर माणूस हवा. काकांनी रजिस्टरात नवा रकाना आखला : 'वाहक'. त्यात बहुतेक ठिकाणी काकांचं स्वतःचं नाव, आणि काका नसतील त्या दिवशी 'सौ.'. सौ.ना या नेमणुकीचा आदेश लेखी मिळत असे.

आषाढीनंतरच्या परतवारीला काका नर्सीला गेले. नामदेवांचं गाव, एकादशीला मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. जाताना टायमर लावला, बॉक्सवर चॅनल लावून ठेवलं, काकूंना बजावलं की हात लावू नको. काकूंनी लावला नाही. दुपारी लाइट गेली आणि दोन मिनिटांत आली. व्हीसीआरचं घड्याळ एवढा धक्का सोसतं. बॉक्स सोसत नाही. तो पुन्हा सुरू झाला की आपण सोडलेल्या जागी येत नाही, केबलवाल्याच्या घरच्या चॅनलवर येऊन उभा राहतो. व्हीसीआर वेळेवर उठला आणि इमानदारीनं तीन तास ते चॅनल भरत राहिला. हळदीचे भाव. तेरवीचं निमंत्रण. साड्यांचा सेल. पुन्हा हळदीचे भाव. शेऱ्यात नोंद : 'मार्ग चुकला'. मी म्हटलं पुसून टाका. काका म्हणाले, "चुकीच्या गावाला गेली तरी गाडी गेलीच ना? वेबिल फाडत नसतात."

असं त्या वर्षी वरचेवर झालं, आणि त्यातूनच काकांचा एकमेव सार्वजनिक विजय घडला. २०१६ च्या अखेरीस नगरपालिकांच्या निवडणुका होत्या, आणि त्या वर्षी नगराध्यक्ष थेट जनतेतून. त्यामुळे प्रत्येक गल्लीत एक भावी नगराध्यक्ष आणि प्रत्येकाचा वाढदिवस. अशा एका भावींनी केबलच्या चॅनलवर शुभेच्छांची जाहिरात दिली होती. केबलवाला म्हणे संध्याकाळी दहा वेळा दाखवली, भावी म्हणे आम्हाला दोनदाच दिसली. पैशावरून गोष्ट शिवीगाळीपर्यंत गेली. कुणीतरी काकांचं नाव सांगितलं. भावी चार मोटारसायकलींसह दारात. काकांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, कॅसेट काढली, लावली. जाहिरात चार वेळा होती. त्यातल्या एकदा भावींच्या डोक्यावर विरोधकाचा मोबाइल नंबर सरकत होता. भावींनी कॅसेट मागितली. काका म्हणाले, "मूळ प्रत मिळत नसती. अर्ज करा, नक्कल देतो." नक्कल करायला दुसरा व्हीसीआर लागतो आणि तो अख्ख्या तालुक्यात कुणाकडे नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्याच वर्षी जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात तोवर तेच एक करत होते. काकांनी ते कात्रणही चिकटवलं. पुण्यातला मुलगा म्हणाला, बाबा, रेकॉर्डिंगवाला डिश बॉक्स मिळतो, आत डिस्क असते, शेकडो तास मावतात, एक भरताना दुसरं बघता येतं. काकूंचे डोळे क्षणभर लकाकले. काका म्हणाले, "चिठ्ठी कुठं चिकटवायची?" मुलाकडे उत्तर नव्हतं. विषय मिटला.

आता खरी गोष्ट. काकांच्या या व्रताचं मूळ १९८७ सालात आहे. त्या वर्षी २५ जानेवारीपासून दर रविवारी सकाळी साडेनऊला दूरदर्शनवर 'रामायण' लागायला लागलं, आणि काकांची ड्युटी नेमकी रविवार सकाळची. स्थानकात चिटपाखरू नसे. मोकळी गाडी सोडायची, मोकळ्या फलाटाला सूचना द्यायची. चहावालासुद्धा कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन उभा. दीड वर्ष हे चाललं. काकांना राम वनवासाला गेला हे कळलं आणि परत आला हेही कळलं, मधलं काही कळलं नाही.

आणि २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, एस.टी. थांबली आणि २८ तारखेपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा सुरू केलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. ड्युटी नाही, बाहेर जायचं नाही, समोर टीव्ही. तेहतीस वर्षांनी सगळे योग जुळून आलेले. गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटले काका एकदाचे.

काकांनी हिशेब मांडला. भाग ७८, प्रत्येक पस्तीसेक मिनिटांचा, तीन तासांच्या कॅसेटीत पाच, म्हणजे १६ कॅसेटी. कोऱ्या कुठून आणायच्या? दुकानं बंद, आणि उघडी असती तरी कोरी कॅसेट मागणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते काकांना माहीत होतं. मग जुन्या पुसायच्या ठरलं. पुसली जाऊ नये म्हणून प्रत्येकीचा कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा दात त्यांनी स्वतःच मोडलेला. त्या जागी आता सेलोटेप. कोणती पुसायची यावर दोन दिवस विचार झाला आणि काकूंची आवडती मालिका गेली.

"माझी सासू पुसली," काकू मला अंगणातून म्हणाल्या, "अन् तो भावी नगराध्यक्ष ठेवला!"

"ते पुरावा हाय," आतून आवाज.

व्हीसीआरमुळे काकूंना बघायला मिळू नये असं काही नव्हतं. रेकॉर्डिंग चालू असताना चित्र दिसतंच. काकूंनी सगळं रामायण बघितलं. काका व्हीसीआरच्या शेजारी स्टुलावर बसायचे, टीव्हीकडे पाठ नाही, पण कडेनं. एक डोळा मोजणीच्या आकड्यावर, एक विजेच्या दिव्यावर, हात बॉक्सच्या रिमोटवर. जाहिरात आली की थांबवायचं, संपली की चालू. लाइट गेली तर काय, याची धास्ती वेगळीच.

मालिका संपल्यावर मी कंपाउंडपलीकडून विचारलं, "काका, झालं का मग रामायण बघून?"

"भरलं सगळं. सोळा कॅसेटी. एकही भाग रद्द नाही."

"अहो, ह्यांनी कुठं बघितलं," काकू म्हणाल्या. "लक्ष्मणाला शक्ती लागली तवा मी इकडं रडायले, अन् हे मला विचारायलेत, भाग किती मिनिटांचा झाला म्हणून."

"चौतीस," काका म्हणाले. "एक मिनिट आधीच पोचला."