कठड्याच्या पोटात

इमारतीच्या जिन्याचा कठडा खरवडायला बसणं म्हणजे भर मांडवात दाढी करायला बसणं. येणारा-जाणारा थांबतो, निरखून बघतो आणि "इथे राहिलंय" म्हणून पुढे जातो.

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीचा कठडा अस्सल ब्रह्मी सागाचा आहे, अशी तिथल्या सगळ्यांची श्रद्धा. श्रद्धा म्हणायचं कारण, ते लाकूड पाहिलेलं माणूस हयात नाही. ऑइल पेंटचे इतके हात त्यावर बसले होते की कातीव दांड्यांचे कंगोरे बुजून सगळे दांडे गुबगुबीत झाले होते. रंग काढून फ्रेंच पॉलिश करावं, असा ठराव सभेत झाला. मग रंगाऱ्याने आकडा सांगितला आणि सभेत शांतता पसरली. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "तुम्ही तर घरूनच काम करता ना?"

सगळ्यात वरचा थर चॉकलेटी, कारण त्यावर डाग दिसत नाहीत. त्याखाली पिस्ता, कोणाच्याशा मुंजीतला. त्याखालच्या आकाशीबद्दल कुणी बोलत नाही. कुणाच्या तरी न्हाणीघराचा उरलेला डबा इमारतीच्या खर्चात कसा आला, हा प्रश्न दोन घरांत अजून जिवंत आहे. आकाशीखाली पिवळा लागला आणि माझा पत्रा जरा थबकला. जुन्या ऑइल पेंटांत, विशेषतः पिवळ्यात, शिसं असायचं. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून जास्त शिसं नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमचा कठडा त्याच्या कितीतरी आधी जेवून तृप्त झालेला. म्हणजे कोरडा घासायचा नाही. धूळ फुप्फुसात जाते. पाणी मारून घासायचं, तोंडाला मास्क, पोपडे पिशवीत आणि लहान मुलं लांब. हे मी पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना सांगितलं. "आम्ही याच कठड्यावरून घसरत मोठे झालो, काय झालं आम्हाला?" ते म्हणाले. उत्तर द्यायला जीभ शिवशिवली, पण ते कमिटीवर आहेत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. "कॉस्टिक सोडा ओत, तासाभरात मोकळा." मोकळा होतो खरा, पण साग काळा पडतो आणि सोडा नीट धुतला गेला नाही तर वर पॉलिश धरत नाही. "हीट गन आण." आणली असती, पण ती फार तापली तर तेच शिसं वाफ होऊन नाकात. शेवटी पेंट रिमूव्हर आणला. तो फासला की दहा-पंधरा मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडतात, आणि ते बघण्यात एक आसुरी आनंद आहे. फक्त त्याची वाफ हवेपेक्षा जड. जिन्याच्या खिडक्या सताड उघडूनही ती पायरी-पायरीने खाली उतरली आणि ठरावाच्या विरोधात मत दिलेल्या एकमेव घरात, म्हणजे तळमजल्यावरच्या काकूंकडे, शिरली. काकू नाकाला पदर लावून वर आल्या. त्या काय बोलल्या ते पदरामुळे नीट कळलं नाही, एवढंच माझं नशीब.

कंगोऱ्यांतला रंग मात्र कशालाच बधेना. तिथे सुताराची जुनी युक्ती कामी आली: खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा. त्याच्या धारेने लाकडाची पातळ साल निघते आणि खालून तेलकट, तपकिरी, वास येणारा साग दिसतो. ब्रह्मदेशचा की चंद्रपूरचा ते देव जाणे, पण साग होता. त्या दिवशी जिन्यात चहा आला. पहिल्यांदाच.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचा एक दांडा मात्र काच लावताच पांढरट निघाला. ना कंगोरा, ना नक्षी. सरळसोट गोल आणि खाली दोन बोटं जाडीची ठोकळी. वरच्या टोकाची लांबी खरवडली तर तिथे खाच. मी टेप लावली. बरोबर २८ इंच.

"हा स्टंप आहे," मी म्हणालो.

जिन्यात एकदम गर्दी झाली. आमचे माजी सेक्रेटरी, ज्यांनी अंगणातल्या क्रिकेटवर बंदी घालून पोरांचा सगळा संच जप्त केला होता, ते गर्दीतून हळूच वर सटकू लागले. त्या पोरांपैकी एक आता पन्नाशीचा, टकलू, बँकेत मॅनेजर आहे. त्याने स्टंपवरून हात फिरवला आणि वर जाणाऱ्या पाठीकडे बघून विचारलं, "काका, बाकीचे दोन कुठे बसवलेत?"

काका थांबले नाहीत. पण तिसऱ्या मजल्यापर्यंतचा कठडा अजून चॉकलेटीच होता, आणि इतके दिवस नुसते सल्ले देणारे सगळे त्याच्याकडे बघत होते. मॅनेजरने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "अजून पत्रा आहे का रे एखादा?"

संध्याकाळी माझ्याकडे काचेचा तुकडाही शिल्लक नव्हता.