वाळूचे प्रकरण

भूमध्य समुद्रातील बेटांविषयी होमरपासून आजतागायत पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु पाच वर्षांचा नातू, नऊ वर्षांची नात, गुडघे दुखणारी पत्नी आणि ऊठसूट तक्ते आखणारा जावई या सर्वांना एकाच वेळी मानवेल असे बेट कसे निवडावे, या मुद्द्याला त्यांपैकी एकानेही हात घातलेला नाही. ओडिसियसचे काय जाते! तो एकटा होता, त्याच्यापाशी परतीचे तिकीट नव्हते आणि मुलाची शाळा कोणत्या तारखेला उघडते याची त्याने वीस वर्षांत एकदाही चौकशी केली नव्हती.

आमची लेक म्युनिकला असते. बव्हेरिया प्रांतातील शाळांची उन्हाळी सुट्टी इतर बहुतेक जर्मन प्रांतांच्या मागून, जुलै सरता सरता किंवा ऑगस्ट उजाडता उजाडता लागते. आणि तिच्या आधी दोन दिवस जरी मूल शाळेतून परस्पर पळविले, तरी तो दंडास पात्र असा गुन्हा समजला जातो. विमानाच्या स्वस्त तिकिटाच्या लोभाने आगाऊ निघालेल्या आईबापांना विमानतळावर पोलिसांनी हटकल्याच्या वार्ताही तेथे छापून येतात. सबब प्रवासाचा महिना ऑगस्ट, हे कलम चर्चेविना मंजूर झाले. बेट कोणते, या कलमावर मात्र दर रविवारी दुपारी, पुणे आणि म्युनिक यांच्या दरम्यान, फोनच्या पडद्यावर सभा भरू लागली. या सभेत आमच्या सौभाग्यवतींचे केवळ कपाळ व कुंकू एवढेच दिसत असे. परंतु तेवढ्यावरूनही त्यांचे मत समोरच्यास कळण्यात कधी अडचण आली नाही.

त्यांचे माहेर गुहागरचे. त्यामुळे पहिल्याच बैठकीत त्यांनी मूलगामी हरकत घेतली. "अहो जावईबापू, आपल्या महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे म्हणतात. त्यात गुहागरची वाळू सुरूच्या बनाला लागून पार नजर पोहोचेल तिथवर. ती सोडून विमानाने वाळूत बसायला जायचं?" जावईबापूंनी अत्यंत विनयाने उत्तर दिले, "आई, ऑगस्टमध्ये गुहागरला समुद्र दिसेल, पण त्यात उतरता येणार नाही." श्रावणातील खवळलेल्या दर्यासमोर बाईंचा नाइलाज झाला. पण ही हरकत फेटाळली गेली नव्हती, तहकूब झाली होती, हे पुढे कळले.

येथे माझी भूमिका सांगणे प्राप्त आहे. मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतील उत्तरायुष्य नदीपात्रातील वाळूचे लिलाव, रात्री-अपरात्री पकडलेल्या मालमोटारी, त्यांचे पंचनामे आणि दंडाचे हुकूम यांत गेले. त्यामुळे समुद्रकिनारा म्हटला की इतरांना लाटा आठवतात, मला ब्रास आठवतो. जावयाने ही गोष्ट हेरून बेटांच्या कागदपत्रांची छाननी माझ्याकडे सोपविली. मला कामात गुंतविले म्हणजे सूचना कमी येतील, असा त्याचा हिशेब असावा.

पहिले प्रकरण मायोर्काचे. हे बेट स्पेनचे. परंतु जर्मन लोक तेथे इतक्या संख्येने जातात की आपल्या सोळा प्रांतांनंतरचा हा सतरावा, असे ते स्वतःच विनोदाने म्हणतात. किनारे उथळ, वाळू विपुल, विमाने मुबलक. मात्र हॉटेलातील तलावाकाठच्या खुर्च्यांवर पहाटेच उठून पंचे टाकून ठेवायचे आणि मग निवांत न्याहारीला जायचे, अशी तेथे जर्मन पाहुण्यांची ख्याती आहे. लेकीला हे असंस्कृत वाटले. मला त्यात काही वावगे दिसले नाही; एस. टी. फलाटाला लागण्यापूर्वीच खिडकीतून रुमाल टाकून ज्याने जागा धरली आहे, त्याला हा प्रघात स्वदेशीच वाटावा. तथापि २०२४ साली तेथील रहिवाशांनी पर्यटक फार झाले म्हणून रस्त्यावर येऊन निदर्शने केली होती, हा मजकूर मी सभेत वाचून दाखविताच कपाळाला आठी पडली. "ज्या घरचे यजमान आपण येतो म्हणून मोर्चा काढतात, त्या घरी आपण होऊन पान मांडायला जाऊ नये." मायोर्का निकाली निघाले.

दुसरे प्रकरण सार्डिनियाचे, आणि येथे मात्र माझे अंतःकरण उचंबळून आले. या इटालियन बेटावर किनाऱ्यावरील वाळू, खडे, शिंपले नेणाऱ्यास पाचशे ते तीन हजार युरो दंडाची तरतूद आहे. स्तिंतिनो गावाजवळच्या ला पेलोसा नामक किनाऱ्यावर तर उन्हाळ्यात दिवसाला दीड हजार माणसांनाच, तेही शुल्क भरून, प्रवेश मिळतो. आणि तेथे अंगाखाली पंचा पसरण्यास मनाई आहे, चटई आणावी लागते, कारण पंचाला वाळू चिकटते व पंचाबरोबर घरी जाते. बुदेल्ली बेटावरचा गुलाबी किनारा १९९४ पासून लोकांना बंदच. २०१९ साली एका फ्रेंच दांपत्याच्या गाडीत बाटल्यांतून भरलेली सुमारे चाळीस किलो वाळू सापडली, तर थेट तुरुंगवासाची भाषा झाली. चाळीस किलो! आमच्या तालुक्यात एवढ्यासाठी कोतवालसुद्धा जागचा हलला नसता. ब्रासच्या खाली आम्ही बोलतच नसू. ज्या देशात पंचाला चिकटलेल्या कणांचाही हिशेब ठेवणारा अंमलदार आहे, तेथे एकदा जाऊन त्याचा हात हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटले, आणि तसा अनुकूल शेरा मारून मी प्रकरण सभेपुढे ठेवले.

ते फिरले नातवामुळे. हा मुलगा कोठल्याही पाण्याच्या काठी गेला की चड्डीचे दोन्ही खिसे वाळूने ठासून भरतो. लाच, धमकी, झडती, कशाचाही उपयोग होत नाही. गेल्या खेपेस बाल्टिक समुद्रावरून परतल्यावर कित्येक आठवडे म्युनिकच्या घरातील धुलाईयंत्राच्या गाळणीत बारीक करकरीत वाळू सापडत होती आणि लेक ती चमच्याने खरवडून काढीत होती. "बाबा," ती म्हणाली, "परतताना विमानतळावर ह्याचे खिसे उलटे केले तर?" जावयाने तक्त्यात एक नवे सदर उघडून त्यात दंडाची रक्कम लिहिली. नातवाने मला विचारले, "आबा, तुम्ही मला पकडाल का?" तीन हजार युरोंच्या ऐवजाला नातू जामीन राहू शकत नाही आणि आजोबाने राहू नये; तेव्हा सार्डिनिया मी जड मनाने दप्तरदाखल केले.

उरले माल्टा. तीनशे सोळा चौरस किलोमीटरचा हा देश. आमच्या काही तालुक्यांचे तहसीलदार याहून मोठा मुलूख सांभाळतात. १५३० साली सम्राट पाचव्या चार्ल्सने हे बेट सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांना इनाम दिले, आणि त्याबद्दल त्यांनी सिसिलीच्या सुभेदारास वर्षाकाठी काय द्यावयाचे? एक ससाणा. सबंध बेटांचा सारा एका पक्ष्यात वसूल करण्याची ही पद्धत वाचून मी काही काळ स्तब्ध बसलो. मापे नाहीत, खातेउतारे नाहीत, थकबाकी राहिलीच तर एक पक्षी. १५६५ साली तुर्कांनी घातलेला प्रचंड वेढा या योद्ध्यांनी उधळून लावला आणि दुसऱ्याच वर्षी आपल्या नायकाच्या नावे व्हॅलेटा हे शहर वसविण्यास घेतले. आणि १८७८ साली रशियाला धाक घालण्याकरिता इंग्रज पंतप्रधान डिझरेलीने हिंदुस्थानातून जे सुमारे सात हजार शिपाई माल्टास धाडले, त्यांत मुंबई इलाख्याच्याही पलटणी होत्या. म्हणजे आमच्या आधी मराठी मुलखातली माणसे तेथे सरकारी खर्चाने उतरून गेली होती. हा भाग मी सभेत जरा विस्ताराने मांडत असता नातीने मध्येच विचारले, "पण तिथे वाळू आहे का, आबा?"

प्रश्न मुद्द्याचा होता. माल्टा म्हणजे चुनखडकाचा ओबडधोबड चौथरा. तेथे नदी म्हणून नाहीच. पिण्याचे बरेचसे पाणीही समुद्राचेच खार काढून तयार करतात. किनारा आहे, पण बहुतांश खडकाचा; लोक खडकावर उन्हे खातात आणि शिडीने समुद्रात उतरतात. वाळूच्या पुळणी मोजक्या. इतक्या मोजक्या की सेंट जॉर्ज उपसागराच्या काठी वाळू पुरेना, तेव्हा २००४ साली ती जॉर्डनमधून आणून पसरण्यात आली. हे वाचताच मी चष्मा काढून पुसला व पुन्हा वाचले. वाळू देशाबाहेर जाऊ नये म्हणून झटणारे सरकार मी समजू शकतो. वाळू आयात करून ती उघड्यावर, पहाऱ्याविना, पावतीविना टाकून ठेवणारे सरकार माझ्या अनुभवाच्या पलीकडचे होते. आमच्याकडे तो ढीग एक रात्र टिकला नसता.

सौभाग्यवतींनी मात्र यातून नेमका कायदेशीर निष्कर्ष काढला. "मग बरंच की. वाळू त्यांची नाहीच, तर पोराच्या खिशातली ते कशाला मागतील?"

माल्टा मंजूर झाले. मुक्कामासाठी मेलिहा गावाखालची आदिरा ही पुळण ठरली, कारण ती त्या बेटावरची सर्वांत लांब पुळण असून समुद्र तेथे बराच आतपर्यंत गुडघाभरच असतो. जवळच पश्चिम किनाऱ्यावर गोल्डन बे आहे, त्याच्या शेजारची आइन तुफिहा अधिक सुंदर म्हणतात. पण तिच्यापर्यंत पायऱ्यांची लांबलचक उतरंड आहे, आणि गुडघ्यांच्या प्रतिनिधीने तिच्याविरुद्ध तेथल्या तेथे नकाराधिकार वापरला. कोमिनो बेटाजवळची निळी खाडी चित्रांतून अप्रतिम दिसते. परंतु तेथे गर्दी इतकी उसळते की आता आधी नाव नोंदवून वेळ मुक्रर करून घ्यावी लागते. समुद्रात पाय बुडविण्यासाठी नंबर लावणे मला गैर वाटत नाही, पण मुलांना वाटले.

नातीला जेलीफिश हवा आहे. नको नव्हे, हवा. जांभळे निशाण किनाऱ्यावर फडकले की पाण्यात जेलीफिश आहेत असे समजावे, ही माहिती मी सावधगिरीच्या हेतूने दिली होती. तिने ती वेळापत्रक म्हणून उतरवून घेतली. नातवाला पॉपाय गाव पाहायचे आहे. १९८० सालच्या चित्रपटासाठी मेलिहाजवळच्या एका खाडीत उभारलेली ती लाकडी घरे तशीच ठेवली आहेत. आजीने तत्काळ अट घातली, की पॉपायकडे जायचे तर आधी पालकाची भाजी खावी लागेल. त्यामुळे सध्या म्युनिकमध्ये पालक संपतो आहे असे कळते. मला स्वतःला गोझो बेटावर जायचे आहे. तेथील रम्ला या तांबूस पुळणीवरच्या गुहेत कॅलिप्सो नावाच्या अप्सरेने ओडिसियसला सात वर्षे अडकवून ठेवले होते, अशी परंपरा सांगते. पण खरे आकर्षण बोटीच्या भाड्याचे. चिरकेवाच्या धक्क्यावरून गोझोला जाताना कोणी पैसे मागत नाही. घेतात ते परतताना. परत येण्यावाचून पाहुण्याला गत्यंतर नाही, हे ओळखून वसुली करणारे खाते हुशार आहे.

खाण्यापिण्याचा प्रश्न ससाण्यावरून सशावर आला. माल्टाचे मानाचे पक्वान्न सशाचे कालवण आहे, हे मुलांपासून लपवून ठेवण्याचा ठराव एकमताने झाला. पस्तीत्सी नावाची पापुद्र्याची करंजी मात्र तेथे गल्लोगल्ली मिळते, एक रिकोटा चीजची, दुसरी वाटलेल्या वाटाण्याची. वाटाणा ऐकून सौभाग्यवती प्रसन्न झाल्या, मग पारीला मोहन कशाचे घालतात असे विचारून पुन्हा गंभीर झाल्या. तेव्हा पुण्याहून न्यावयाच्या जिनसांची यादी निघाली आणि युरोपीय संघाचे नियम माझ्या हाती आले. दूध, तूप, खवा, मांस यांना बंदी, हे ठाऊक होते. फळांपैकी मात्र अननस, नारळ, केळी, खजूर व डुरियन एवढ्यांनाच दाखल्याविना प्रवेश. बाकी सर्वांना वनस्पतिआरोग्याचा दाखला हवा. नारळाला मुभा, हापूसला मज्जाव! रत्नागिरी जिल्ह्याच्या माहेरवाशिणीला हे समजावून सांगण्याचे काम मी टाळले. फोनवरून जावयाने सांगितले.

युरोपात शिरण्याच्या परवान्याच्या अर्जाविषयी मी फारसे बोलत नाही, कारण तो माझ्या आनंदाचा विषय आहे आणि आनंदाचे प्रदर्शन करू नये. लेकीचे हमीपत्र, सहा महिन्यांचे बँक उतारे, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, परतीचे तिकीट, निवृत्तिवेतनाचा दाखला, हे सर्व अनुक्रमणिकेसह, पृष्ठांक घालून, टाचणी न मारता. माल्टा शेंगेन करारात असल्याने म्युनिकसाठी मिळालेला परवाना तेथेही चालतो. एका कागदावर एकोणतीस देश. असला सातबारा मी जन्मात पाहिला नव्हता. छायाचित्रात मात्र तोंड मिटलेले व मुद्रा निर्विकार हवी, आणि आमच्या सौभाग्यवतींना छायाचित्रकाराने तीनदा "थोडं कमी रागावा" असे सांगितले.

तिकिटे काढण्याच्या दिवशी तहकूब हरकत बाहेर आली. त्यांनी पडद्यावर प्रथमच संपूर्ण चेहरा दाखवून तहनामा मांडला: ऑगस्टात आम्ही तुमच्या वाळूत येतो, दिवाळीत पोरांनी आमच्या वाळूत यायचे, गुहागरला, आणि खिसे हवे तेवढे भरायचे. जावयाने ताबडतोब तक्ता उघडला. बव्हेरियात शरदातील सुट्टी नोव्हेंबरच्या आरंभी, ऑल सेंट्स सणाच्या सुमारास, जेमतेम एक आठवडा मिळते. आणि दिवाळी चंद्राच्या हुकमाने चालते, तर बव्हेरियाचे शिक्षणखाते चंद्रास ओळखत नाही. कधी दिवाळी सुट्टीच्या आधीच संपते, कधी सुट्टी संपल्यावर येऊन उभी राहते. विमानतळावरचे पोलीस सर्वांनाच आठवले. तेव्हा बाईंनी मला कागद घ्यावयास सांगितले, आणि म्युनिकच्या शाळेच्या मुख्याध्यापकांस सविनय सादर करावयाच्या अर्जाचा कच्चा मसुदा सध्या मी करतो आहे. वसुबारसेचे जर्मन समर्थन तेवढे अद्याप सुचलेले नाही.