अव्वल कारकून, प्रथम वर्ष

सरकारी चाकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी सन्मानपूर्वक मोकळ्या झालेल्या मराठी गृहस्थापुढे शिष्टसंमत असे तीनच मार्ग खुले असतात: सहकारी गृहरचना संस्थेचे चिटणीसपद, ज्ञानेश्वरीचे पारायण आणि प्रातःकाळच्या फेरफटक्यानंतर बागेतल्या बाकावर बसून महागाई भत्त्याच्या थकबाकीविषयी करावयाचे अखंड चिंतन. या तिन्ही मार्गांना सविनय नकार देऊन, विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘निवृत्त’ आणि ‘अभ्यासक्रम’ या रकान्यात ‘संज्ञापन व वृत्तविद्या’ असे ठसठशीत अक्षरांत लिहिणारा एक चौथा पुरुष अलीकडे महाराष्ट्रात दृष्टीस पडू लागला आहे. फर्गसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारापासून तो १९८९ साली नाशकात स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाच्या एखाद्या तालुक्याच्या गावच्या अभ्यासकेंद्रापर्यंत कोठेही त्याची गाठ पडण्याचा संभव असतो. त्याची हयात बहुधा कचेरीत अव्वल कारकुनी करण्यात गेलेली असल्यामुळे, महसूल खात्याच्या रिवाजास अनुसरून, त्यास आपण ‘भाऊसाहेब’ म्हणू.

भाऊसाहेबांना या वयात वृत्तविद्येचा छंद का जडावा, या प्रश्नाचे उत्तर १९७९ सालच्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांत दडलेले आहे. सरकारी नोकराने सरकारच्या कारभारावर वर्तमानपत्रांतून टीका करू नये, असा त्या नियमांचा स्पष्ट दंडक असल्याकारणाने, भाऊसाहेबांनी आपली लेखनाची ऊर्मी तीस-पस्तीस वर्षे ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ या सदरात ‘एक त्रस्त नागरिक’ या टोपणनावाने भागविली. पाण्याच्या टाकीत मेलेले कबूतर, दाखल्यांसाठी होणारी वृद्धांची पायपीट, कचेरीसमोरचा तुंबलेला नाला, असे विषय त्यांनी हिरिरीने हाताळले. गंमत अशी, की छापून आलेल्या तक्रारीचे कात्रण जिल्हा माहिती कार्यालयाकडून यथावकाश त्याच कचेरीत खुलाशासाठी येई, साहेब ते भाऊसाहेबांच्याच टेबलावर पाठवीत, आणि त्रस्त नागरिकाचे म्हणणे कसे वस्तुस्थितीस सोडून आहे याचा बिनतोड खुलासाही भाऊसाहेबच लिहीत. वादी आणि प्रतिवादी अशा दोहोंचीही वकिली एकाच इमानाने केलेल्या या पुरुषास, निदान उत्तरायुष्यात तरी एकाच बाजूने आणि स्वतःच्या नावाने लिहावे, असे वाटले तर त्यात नवल ते काय!

घरच्या मंडळींना मात्र ते नवल वाटते. “अहो, लोक या वयात नातवाला शाळेत सोडायला जातात,” असे सौभाग्यवतींनी म्हणताच भाऊसाहेब माहितीपुस्तिकेतील पात्रतेचे कलम काढून दाखवितात आणि म्हणतात, “अगं, यात वयाची अट कुठे आहे ती दाखव. जे निषिद्ध नाही, ते अनुज्ञेय आहे.” कलमापुढे संसारातील युक्तिवाद लंगडे पडतात, हा त्यांचा जुना अनुभव. मग चाळीस वर्षांपूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेच्या तळाशी सापडतो, गुणपत्रिकांच्या साक्षांकित नकला होतात, आणि अर्जाला सोबतच्या कागदांची यादी जोडली जाते. त्या यादीत निवृत्तिवेतनाचा आदेश तर असतोच, परंतु दर नोव्हेंबरात बँकेत सादर करावयाचा हयातीचा दाखलाही असतो. विद्यार्थी हयात असल्याविषयी विद्यापीठाने कोणतीही शंका प्रदर्शित केलेली नसते, पण उद्या कोणी त्रुटी काढली तर, या धोरणी विचाराने भाऊसाहेब म्हणतात, “असू द्या सोबत.”

वर्गात ते पहिल्या बाकावर बसतात आणि हजेरीपटावर पूर्ण सही करून खाली तारीख घालतात. गृहपाठ सादर करताना त्याची दुसरी प्रत पुढे सरकवून “पोच द्यावी” अशी नम्र विनंती करतात, आणि त्यांच्या कन्येहून वयाने लहान असलेल्या प्राध्यापिकाबाई प्रथम हसतात, नंतर गोंधळतात आणि अखेर सही करतात. मुले त्यांना ‘काका’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात या संबोधनात किंचित थट्टा असते. परंतु काकांच्या नस्तीत प्रत्येक व्याख्यानाची टिपणे पृष्ठक्रमांक घालून, डाव्या बाजूस टिपणी व उजव्या बाजूस पत्रव्यवहार अशा शिस्तीने लावलेली असून, महत्त्वाच्या मुद्द्यांवर ‘पताका अ’, ‘पताका ब’ अशा चिठ्ठ्याही डकविलेल्या आहेत, हा शोध लागताच थट्टेची जागा आदर घेतो. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या नस्तीची छायाचित्रे वर्गातील यच्चयावत भ्रमणध्वनींत पोचलेली असतात. सहा जानेवारीच्या पत्रकारदिनी चार शब्द बोलण्याचा मानही वयाच्या ज्येष्ठतेने काकांकडेच येतो. तेव्हा, १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर त्या वेळी अवघ्या विशीच्या आसपास होते, हे सांगून झाल्यावर भाऊसाहेब क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “त्या वयात मी बारनिशीत आवक-जावक टाकत होतो. म्हणजे कागद आमच्याही हातून जात होते, फक्त ते कोणी वाचावेत अशी अपेक्षा नव्हती.”

खरी कसोटी लागते ती बातमी लिहिताना. बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे या सहा ककारांची उत्तरे असावीत आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सर्वांत आधी यावी, हे वृत्तविद्येचे पहिले सूत्र. एका बसच्या अपघाताची बातमी लिहून आणण्यास सांगितले असता भाऊसाहेबांनी जो मजकूर सादर केला, त्याचा प्रारंभ “उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की” असा होता. पुढे पूर्वेस ओढा, पश्चिमेस गायरान, दक्षिणेस खाजगी मालकीचा ऊस आणि उत्तरेस सरकारी रस्ता अशी घटनास्थळाची चतुःसीमा होती. रस्त्याकाठच्या वडाचा घेर होता, पंचांची उपस्थिती होती, हवामान होते. आणि पाच प्रवासी जखमी झाल्याची वार्ता दुसऱ्या पानाच्या शेवटी, सहीच्याही खाली, “सोबत: जखमींची यादी (परिशिष्ट ब)” एवढ्या शब्दांत आटोपली होती. बाईंनी कागद वाचला आणि विचारले,

“काका, झाडाला धडक कोणी दिली?”

“धडक देण्यात आलेली आहे, मॅडम.”

“ते कळलं. पण कोणी दिली?”

“तसे नमूद करणे म्हणजे जबाबदारी निश्चित केल्यासारखे होईल,” भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. “ते आपल्या अधिकारकक्षेत येत नाही.”

वर्ग खो खो हसला. परंतु आमच्या मते त्या उत्तरात आपल्या सबंध राज्यकारभाराचे सार आलेले होते. कचेरीच्या भाषेत कर्ता हा प्राणी जन्मास येतच नाही. तेथे कार्यवाही करण्यात येते, अनियमितता आढळून येते, विलंब घडून येतो, निधी व्यपगत होतो आणि माहिती तर अनादि कालापासून संकलित करण्यात येत आहे. मात्र हे सर्व करणारा कोण, हे विचारणे असभ्यपणाचे मानतात. भाऊसाहेबांचे कौशल्य याच कर्मणी प्रयोगात मुरलेले. त्यांच्या मसुद्यांच्या आश्रयाने किती साहेब बदली, बढती आणि निवृत्ती या तिन्ही अवस्थांतून निष्कलंक पार पडले, याची गणती नाही. अशा मनुष्यास वृत्तविद्या पहिलाच प्रश्न विचारते, तो ‘कोण?’ हा. सहांपैकी पाच ककार त्यांना तोंडपाठ होते. पंचनाम्यांनी ते घोटून घेतलेले होते. सहाव्यासाठी मात्र त्यांना पुनश्च विद्यार्थी व्हावे लागले.

आणि एकदा तो सहावा ककार साधल्यावर उरलेल्या पाचांचे मोल काय आहे, हे तरुण सहाध्यायांना उमगले. वार्तांकनाच्या प्रात्यक्षिकास पाठविलेली मुले “साहेब बैठकीत आहेत” एवढीच बातमी घेऊन परत येत असत. भाऊसाहेब साहेबांकडे जातच नाहीत. ते शिपायापाशी बसतात, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करतात आणि जाता जाता कोणती नोंदवही कोणत्या कपाटात आहे ते जाणून घेतात. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला, तेव्हा तीस दिवसांच्या मुदतीतील एकोणतिसाव्या दिवशी काहीही न सांगणारे उत्तर जावक कसे करावे, हे त्यांनी कनिष्ठांना शिकविले होते. आता दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्याच कायद्याखालचा अर्ज ते टेबलाच्या अलीकडून लिहितात, आणि सगळ्या पळवाटा स्वतःच खोदलेल्या असल्यामुळे एकही उघडी ठेवीत नाहीत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे असा अर्ज एका विषयापुरता आणि सामान्यतः दीडशे शब्दांच्या आतला असावा लागतो. जी संक्षेपाची विद्या बाईंना सहा महिन्यांत त्यांच्या गळी उतरविता आली नाही, ती या दीडशे शब्दांच्या अटीने उतरविली. कारण शैलीचा आग्रह भाऊसाहेब विसरतील, नियमाचा भंग करणार नाहीत.

अशाच एका अर्जातून एका रस्त्याची मोजमाप पुस्तिका त्यांच्या हाती आली. पुस्तिकेत तो रस्ता ज्या अंतरावर संपत होता, त्याच्या पुष्कळ अलीकडे तो प्रत्यक्षात ओढ्यात उतरत होता. भाऊसाहेबांनी दोन मुलांना फीत धरावयास लावून, टोपी सांभाळीत, भर उन्हात रस्ता मोजला, पुन्हा मोजला, मोजणाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि मग बातमी लिहिली. तिच्या पहिल्याच वाक्यात मोजमापावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा कर्ता होऊन ठसक्याने उभा होता. विभागाच्या प्रायोगिक अंकात ती त्यांच्या नावानिशी प्रसिद्ध झाली. सौभाग्यवतींनी तो अंक शेजारीपाजारी फिरवून आणला; नातवाच्या शाळेचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पंधरवड्यात संबंधित कचेरीचा खुलासा आला. भाऊसाहेबांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. “प्रस्तुत वृत्त वस्तुस्थितीस धरून नसून, सदर प्रकरणी माहिती संकलित करण्यात येत आहे” या वाक्याशी त्यांची मुद्रा उजळली. कारण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कोण्या चिरंजीवाचे वळण त्यांनी अचूक ओळखले होते. समासात त्यांनी तांबड्या पेन्सिलीने शेरा मारला: “मसुदा उत्तम. जावक क्रमांक राहिला आहे.” खुलासा शब्दशः छापलाच पाहिजे, असा आग्रहही त्यांनीच धरला. त्याखाली वर्तमानपत्री प्रघाताप्रमाणे बातमीदाराचे म्हणणे घालावयाचे होते. भाऊसाहेबांनी बराच विचार करून कागद पुढे केला.

“‘प्रस्तुत वृत्तावर ठाम राहण्यात येत आहे.’ चालेल ना, मॅडम?”

“काका, ठाम कोण आहे?”

भाऊसाहेबांनी टोपी सारखी केली, लिहिलेली ओळ खोडली आणि वर दोनच शब्द लिहिले, “मी आहे.” मग त्याखाली पूर्ण सही केली, तारीख घातली आणि दुसरी प्रत पुढे सरकवून पोच मागितली.