देखभाल लागत नाही, गुर्जी

मूलहून सिंदेवाहीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच आमचं घर. फाटकाच्या उजव्या खांबाला रात्री-अपरात्री कुणीतरी धडक देऊन जातं. वर्षात तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला गवंड्यानं मजुरीत सूट दिली, नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा मी रस्त्यावर रोखलेला कॅमेरा बसवायचं ठरवलं.

हे बायकोला सांगितलेलं कारण. खरं कारण असं की ताडोबाच्या शेजारी तीस वर्षं मास्तरकी करूनही मी वाघ पाहिलेला नाही. मुंबईच्या साडूला मोहर्ली गेटातून आत शिरताच दिसला. आमच्या दूधवाल्याला आठवड्यातून दोनदा दिसतो, आणि म्हशीबद्दल बोलावं तसा तो त्याच्याबद्दल बोलतो.

माझी अट एकच होती : देखभाल नको.

आधी वनखात्याचे असतात तसले ट्रॅप कॅमेरे पाहिले. ते सेलवर महिना-महिना चालतात, कारण बहुतेक वेळ झोपलेले असतात. समोर ऊब हलली की जागे होतात, फोटो काढतात आणि पुन्हा आडवे. (माझी नोकरीही साधारण अशीच झाली.) पण ऊब ओळखायची तर भोवताल गार हवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. भिंत, बकरी, मी, सगळे सारखेच तापलेले. कॅमेऱ्यानं उठायचं कुणासाठी? सौरपट्टीवाल्याचीही तीच कथा. तो डोळे चोळत उठेपर्यंत ट्रक सिंदेवाहीला पोचलेला असतो. अखंड चित्रण हवं तर तारेची वीज हवी, असा निष्कर्ष निघाला. दुकानदार म्हणाला, ‘‘लावा अन् विसरून जा जी. देखभाल लागत नाही, गुर्जी.’’

लावला. विसरणं मात्र जमलं नाही.

वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला. इन्व्हर्टरला पाणी लागतं म्हणून डबा आणला. अखंड चित्रण म्हणजे दिवसाला चाळीसेक जीबी. १२८चं कार्ड चौथ्या दिवशी पहिला दिवस पुसायला लागतं. म्हणजे रोज संध्याकाळी बसून चोवीस तासांचा रस्ता पाहणं आलं. निवृत्तीनंतर मी ज्ञानेश्वरी वाचणार होतो.

रात्रीची वेगळीच तऱ्हा. कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांवर कोळी येतो. कोळ्यानं थेट काचेवर संसार थाटला. पडद्यावर आठ पायांचं, ट्रकएवढं जनावर रात्रभर मूल ते सिंदेवाही येरझारा घालायचं. रोज पहाटे मी पायजम्यावरच स्टुलावर चढून जाळं काढू लागलो. दिवसा वानरं यायची आणि कॅमेऱ्याचं तोंड आमच्या न्हाणीघराकडे वळवून जायची. तेव्हापासून बायको कॅमेऱ्याबद्दल बोलत नाही. माझ्याशीही फारसं नाही.

मग खांब चौथ्यांदा पडला. मी उड्या मारत चित्रण लावलं. हेडलाइटच्या झोतानं पडदा पांढराफटक, मग काळोख, मग आडवा खांब. गवंडी न बोलावताच आला.

शेवटी वाटलं, वनखातं हे कसं जमवतं ते एकदा पाहावं. गावामागच्या पांदणीला त्यांचे कॅमेरे बांधलेत हे ठाऊक होतं. पहाटे, जाळं काढून झाल्यावर, तसाच गेलो. वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे. वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्यासारखे नसतात आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, म्हणून दोन्हीकडून फोटो लागतो. बराच वेळ मी मधे उभा राहून कधी हा, कधी तो न्याहाळला. जाळं नव्हतं. जळजळ झाली.

पंधरा दिवसांनी वनरक्षक फाटकाशी थांबला. खांबाकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या माझ्याकडे.

‘‘गुर्जी, कॅमेऱ्यात सापडले तुमी. एकोनचाळीस फोटो.’’

‘‘मी? चेहरा दिसतो?’’

‘‘तोंड कायचं येते जी, कंबरेखालचंच आलं.’’ त्यानं माझ्या निळ्या-पांढऱ्या पायजम्याकडे बोट केलं. ‘‘पन दोनी बाजू आल्या. पट्ट्यांवरून ओळखलो.’’