पार्टी जेन्युइन आहे

(रंगमंचावर एक खुर्ची. मागच्या भिंतीवर कालनिर्णय, जरा जास्तच खाली टांगलेलं.)

डोंबिवली पूर्व. चौथा मजला. लिफ्ट नाही. एजंटनं जाहिरातीत लिहिलं, 'हवेशीर'.

अण्णांनी घर घेतलं १९८६ साली. ६०० फूट! बिल्डरनं त्यात जिना मोजला, पॅसेज मोजला, बहुतेक वॉचमनही आडवा करून मोजला. हल्ली रेरामुळे जो तो कार्पेटच विचारतो. एजंट टेप घेऊन आला. निघाले ३९०. अण्णा टेपकडे बघतच राहिले. "म्हणजे २१० फुटांचा मेन्टेनन्स मी कोणाचा भरला?"

(एजंट, बगलेत फाईल, घाम पुसत) "साहेब, ते सोडा. पार्टी जेन्युइन आहे."

पार्टी अजून आलेलीच नाही!

मग भाव. रेडी रेकनर हा सरकारचा भाव, त्याच्याशी कोणाचं देणंघेणं नाही. समोरच्या विंगमधला फ्लॅट ४५ लाखांना गेला, हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "५०."

"अण्णा, त्यांना पार्किंग होतं."

"आपल्याकडे उजेड आहे."

आली पार्टी. नवरा, बायको, सासूबाई. घर बायकोच्या नावावर घेणार, कारण स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत. पैसे नवऱ्याचे, नाव बायकोचं, निर्णय सासूबाईंचा. सगळं पसंत पडलं. सासूबाई म्हणाल्या, "टोकन द्यायला दिवस बघूया." आणि निघाल्या... (हळूच मागे वळून) कालनिर्णयकडे.

(एजंट, कुजबुजत) "साहेब, बाई कालनिर्णयकडे चालल्यात."

अण्णा ओरडले, "अमावास्या आहे!"

"आज?"

"रोजच आहे या महिन्यात!"

बाईंनी पान उचललं. मागे ओल. नुसता डाग नव्हे हो, महाराष्ट्राचा अख्खा नकाशा! कोकणपट्टी खाली सॉकेटपर्यंत उतरलेली आणि उजवीकडे विदर्भ नुकताच वेगळा व्हायला लागलेला.

अण्णा म्हणाले, "ती वरच्यांची आहे."

सासूबाई म्हणाल्या, "ओल वरच्यांची, पण भिंत तुमची ना?" आणि तीन लाख खाली.

वरचे म्हणजे कोण? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी! सहा पावसाळे झाले, त्यांच्या बाथरूमला वॉटरप्रूफिंग करा म्हणतोय. दरवेळी उत्तर एकच, "विषय एजीएममध्ये घेऊ." एजीएममध्ये विषय काय, तर गणपतीची वर्गणी.

(एजंट) "सेक्रेटरी पण जेन्युइन आहे, साहेब."

गप रे!

बायको स्वयंपाकघरात गेली. तिथूनच म्हणाली, "ओटा फारच ठेंगणा आहे. तोडावा लागेल."

(थांबतो.)

आई चार फूट नऊ इंच. नवीन घर, तयार ओटा, आणि ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. अण्णांनी एका रविवारी गवंडी आणला आणि ओटा चार इंच उतरवून घेतला. कडाप्पा परत बसवताना एक कोपरा उडाला, तो अजून तसाच आहे. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. अण्णा अजूनही त्या ओट्यावर वाकून चहा करतात. पाठ दुखते म्हणतात. तोडू देत नाहीत.

अण्णा बाहेर आले आणि म्हणाले, "५५ लाख."

(एजंट, कळवळून) "साहेब! घर ५० ला काढलं, ओलीनं ४७ झालं, ५५ कुठून आले? ओट्याचा रेट रेडी रेकनरमध्ये नाही!"

शेवटी ४८ वर तुटलं. सेक्रेटरी लगेच खाली. "ट्रान्स्फरचे एक लाख. स्वेच्छेनं हं!" अण्णांनी प्लास्टिकच्या पिशवीतून २००१ चं सरकारी परिपत्रक काढलं. लॅमिनेट केलेलं! ट्रान्स्फर फी कमाल २५ हजार. देणगी मागायची सोय नाही. सेक्रेटरी म्हणाला, "नियम आहे हो, पण आपली एक परंपरा असते ना."

अण्णांनी भिंतीकडे बोट केलं. "परंपरा ती काय, वरून गळतेय."

आता उरला एजंट. (फाईल उघडत) "दोन टक्के, साहेब. ४८ चे ९६ हजार."

"४७ चे घे."

"वरचा एक लाख, साहेब?"

"तो ओट्याचा. त्याच्यावर ब्रोकरेज नाही."

(एजंट बोटांवर हिशोब करतो. प्रेक्षकांकडे वळून, हताश) "पार्टी जेन्युइन आहे!"

(अंधार.)