उकडीचा पोर्क पाय

आमच्या समोरच्या घरातले आजोबा दिवाळीत चकल्यांचा डबा बिनतक्रार संपवतात आणि नाताळात आमच्या दाराशी रिकाम्या हाताने उभे राहून ओशाळतात. ते मूळचे मेल्टन मोब्रेचे. आमच्या लेस्टरपासून जेमतेम 15 मैलांवरचं हे गाव पोर्क पायसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या जुन्या घरांत नाताळची सकाळ पोर्क पायनेच उजाडते. आपल्याकडे अभ्यंगस्नानानंतर फराळ, तसं. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हालाही अख्खा पाय आणला होता. आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर माझ्या ओळखीची होती. 'मला मोदक आवडत नाहीत' म्हणणाऱ्या पाहुण्याकडे माझी आजी तसंच बघायची.

म्हणून यंदा मी जाहीर केलं, की पाय मी करणार. डुकराशिवाय.

"मग तो नुसता पाय," आजोबा म्हणाले.

रत्नागिरीला आईला फोन केला, तर तिला भलताच पाय ऐकू आला. "डुकराचे पाय? घरात? अरे, काय करतोयस काय?" पाय म्हणजे पाय नव्हे, तो एक बंद डबा असतो, कणकेचा, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. आणि मग आजोबांकडून कळलं की आई फारशी चुकली नव्हती. पाय भाजला की आतलं मांस आकसतं, कवच आणि सारण यांत फट पडते, आणि झाकणाच्या भोकातून तिथे जेली ओततात. ती जेली डुकराच्या पायांच्याच रश्शाची. हे मी आईला सांगितलं नाही.

खरा धक्का कवचाच्या कृतीने दिला. पाणी आणि चरबी एकत्र उकळायची, त्यात मैदा घालायचा, ढवळायचं, मळायचं. मी दोनदा वाचलं. ही उकड आहे! तांदळाच्या पिठाऐवजी मैदा, तेलाऐवजी चरबी, एवढाच फरक. आणि खरा मेल्टनचा पाय साच्यात भाजत नाहीत. लाकडी ठोकळ्याभोवती पारी हाताने वर चढवतात, ठोकळा काढून घेतात आणि पाय तसाच, कशाचाही आधार न देता, भट्टीत उभा करतात. त्यामुळे त्याचं पोट किंचित सुटलेलं असतं. पोट सुटलेलं असणं हीच अस्सलपणाची खूण मानणारं गाव मला लगेच आपलं वाटलं.

चरबीच्या जागी वनस्पती तूप घेतलं आणि ठोकळ्याच्या जागी लोणच्याची बरणी. मोदकाची उकड गरम असतानाच मळायची, हात पोळले तरी चालतील, हे माझ्या डोक्यात बालपणापासून पक्कं. त्या हिशेबाने गरमागरम पारी बरणीला चढवली. दिसायला झकास. बरणी ओढून काढली आणि भिंतीने बसकण मारली. पाहता पाहता तिची पुरणपोळी झाली. ही उकड थोडी निवल्याशिवाय उभी राहत नाही. दुसऱ्या खेपेला बरणीसकट फ्रीजमध्ये ठेवली, तेव्हा कुठे तिला कणा आला.

खरं तर जुन्या इंग्लंडात हे कवच खायचं नसायचंच म्हणे. आतला ऐवज टिकवायची ती पेटी, आणि तिचं नाव 'कॉफिन'. 1831 साली मेल्टनच्या एडवर्ड ॲडकॉक नावाच्या बेकरने घोडागाडीतून लंडनला पाय धाडायला सुरुवात केली, ते या पेटीच्याच भरवशावर. माझी पेटी मात्र ओट्यावरून ओव्हनपर्यंतच्या प्रवासात दोनदा कलली.

सारणाला कुयरी, म्हणजे कोवळा फणस, घेतली. ती इथे देशी दुकानात खारट पाण्यात बुडवलेली, डब्यात मिळते. पिळून, परतून, उकडलेले छोले ठेचून त्यात घातले आणि सवयीने हात गोड्या मसाल्याकडे गेला. आजोबांनी बजावलं होतं: मीठ आणि मिरी, बस्स. फणसाच्या भाजीत नुसतं मीठ-मिरी घालताना सबंध कोकण खिडकीतून बघतंय असं वाटत राहिलं. झाकण लावताना बोटांनी आपसूक मुखऱ्या पाडल्या. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "कळ्या एका बाजूला झुकल्यात. आणि मोदक भाजतात का रे?"

राहिली जेली. त्यासाठी चायना ग्रास आणलं, भाज्यांच्या पाण्यात उकळलं. चायना ग्रासचा स्वभाव असा, की विरघळायला उकळी लागते, पण गोठायला फ्रीजही लागत नाही. 35-40 अंशांवर ते आपण होऊन गोठतं. डिसेंबरची रात्र, पाय थंडगार, नरसाळंही थंड. मी आरामात, चमचा-चमचा ओतत होतो. तिसऱ्या चमच्याला नरसाळ्याने घोट घेणं बंद केलं. काडी घालून बघितली, काडीही अडकली. शेवटी नरसाळं काडीसकट फ्रीजमध्ये ठेवून झोपलो.

नाताळच्या सकाळी आठला आजोबा टाय लावून हजर. पायच्या पोटावर त्यांनी बोटाने टकटक केली, सुरी फिरवली, फोड उजेडात धरली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रंग बरोबर आहे."

मी चाट पडलो. मेल्टनच्या पायातलं डुक्कर खारवलेलं नसतं, त्यामुळे ते भाजल्यावर गुलाबी न राहता राखाडी होतं. आणि डब्यातली कुयरी शिजल्यावर जन्मजात राखाडी. लालीसाठी बीट घालावं असं बायको सुचवत होती. नशीब, घरात बीट नव्हतं.

आजोबांनी मोहरीची चटणी लावून फोड खाल्ली. दुसरी मागितली. तिला सुरी लावली आणि थबकले. कवच आणि सारण यांच्यामध्ये बोटभर रिकामी फट होती.

"जेली कुठाय?"

मी फ्रीजमधून नरसाळं आणलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, काडी धरून हलकेच ओढली. आख्खी जेली गाजरासारखी बाहेर आली. त्यांनी ती बशीत फोडीशेजारी ठेवली, सुरीने चकत्या केल्या, आणि एक घास पायचा, एक चकती जेलीची, असं शांतपणे खायला लागले.