कापडी भिंतींआडचं भांडण

तंबूत नवरा-बायकोला भांडता येत नाही. आवाज जरा चढला की शेजारच्या तंबूतली मुलं गिटार थांबवतात, आणि ती का थांबली हे आपल्याला बरोबर कळतं. मग उरतं कुजबुजणं. पण "तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं" हे वाक्य कुजबुजून म्हणून बघा, त्यातला सगळा दम निघून जातो. त्यातून आमच्या यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे निम्मं भांडण "काय?" आणि "काही नाही" यांतच संपतं.

घरी असं नसतं. घरात भांडणाला ऐसपैस जागा असते. एकाने बाल्कनीत जाऊन कुंड्यांना नको तेवढं पाणी घालायचं, दुसऱ्याने स्वयंपाकघरात भांडी ठेवताना ती ऐकू जातील अशी ठेवायची. मधल्या खोलीत टीव्ही मध्यस्थासारखा चालू. दोघंही निवृत्त झाल्यावर ही व्यवस्था फार सुरळीत चालते, इतकी की आठवडे जातात आणि काय चाललंय हे लक्षातही येत नाही. प्रवासात ती मोडते. मुक्कामाची जागा आपल्याला कसं भांडायचं ते सांगते, आणि आपण निमूटपणे तिचं ऐकतो. मी शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे माणसाच्या वागण्यावर परिसराचा परिणाम होतो हे मला पाठ होतं. पण तो एस्किमो आणि बेदुइन यांच्यावर होतो अशी माझी समजूत होती.

तंबूचा नाद आम्हाला भंडारदऱ्याला लागला. मे महिना सरत आलेला, काजव्यांचे दिवस. शेंडी गावातून पुढे जलाशयाच्या कडेकडेने गावातल्या पोरांनी तंबू ठोकलेले असतात, रात्रीला पिठलं, भाकरी, ठेचा, आणि मुलांची गर्दी असेल तर शेकोटीवर काहीबाही भाजलेलं. आमचे हे बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. ज्या माणसाने उभ्या हयातीत पाया किती खोल घ्यायचा एवढाच विचार केला, त्याला पाया नसलेल्या घरात झोपवणं हा थोडा अन्यायच होता. यांनी तंबूभोवती एक प्रदक्षिणा घातली, प्रत्येक मेख पायाने दाबून पाहिली आणि त्या पोराला विचारलं, "इथलं पाणी कुठून जातं?"

"कुठलं पाणी, बाबा?"

"पावसाचं."

"पाऊस कुठंय अजून?" पोरगं म्हणालं. "तुम्ही फकस्त चेन लावून झोपा. रातीला इचू-काट्याचं भ्या असतंय."

विंचवाचं ऐकून मी गप्प झाले, हे मात्र पाण्यावरच अडून होते. चहा येईपर्यंत यांनी एक चपटा दगड शोधला आणि तंबूच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर खणायला घेतला. मी कुजबुजत म्हटलं, "लोक बघतायत." हे म्हणाले, "काय?"

काजवे पाहायला खरं तर तंबूबाहेर पडायचीही गरज नव्हती. जमिनीवरून उठताना गुडघ्यांनी ते आतच दाखवले. साठीनंतर तंबूतून बाहेर येण्याची एकच रीत आहे, आधी रांगायचं, मग तंबूच्या दांडीला धरावंसं वाटतं पण धरायचं नाही, मग "अहो" म्हणायचं. बाहेर उभं राहून हात देणाऱ्या माणसाशी पुढची पाच मिनिटं तरी भांडता येत नाही. हाही परिसराचाच परिणाम.

आणि मग ती झाडं. हिरडा, बेहडा, सादडा, उंबर. दिवसा ज्यांच्याकडे आपण मान वळवूनही पाहणार नाही, ती खालपासून शेंड्यापर्यंत एकदम उजळतात आणि एकदम विझतात. हजारो किडे, कुणी ताल धरून दिलेला नाही, तरी सगळे एका लयीत. लुकलुकत फिरतात ते बहुतेक नर. मादी आपली एका जागी बसून असते आणि पटलं तर उत्तर देते. हा भाग वाटाड्याने सांगितला तेव्हा आमच्या घोळक्यातल्या बायका समजून हसल्या. काजव्याचं बरंचसं आयुष्य अळी म्हणून मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाण्यात जातं, पंख फुटल्यावर हाती राहतात जेमतेम दोन-तीन आठवडे.

हे बराच वेळ त्या झाडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सगळी नोकरी मातीत, आणि शेवटी एवढीच रजा."

"आणि पेन्शनही नाही," मी म्हटलं.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे अंधार हाच खरा माल आहे, आणि लोक तो पाहायला हेडलाइट लावून येतात. गाडीचा झोत पडला की झाड तेवढ्यापुरतं बावचळतं, लय चुकते. मोबाइलच्या फ्लॅशने काजव्याचा फोटो येत नाही, येतं फक्त झाड. हे कुणीतरी त्या मोबाइलवाल्यांना समजावून सांगायला हवं, असं मी मोठ्याने म्हणाले. शाळेतला आवाज अजून आहे. चार-पाच फ्लॅश बंद झाले.

रात्री दोनच्या सुमाराला वळीव आला, तो सांगून आल्यासारखा विजांसकट. कापडावर पाऊस पडताना आत काय वाटतं हे पत्र्याखाली राहिलेल्यालाच थोडंफार कळेल. आमचा तंबू कोरडा राहिला. चर भरून वाहत होता आणि हे अंधारात टॉर्च लावून त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होते, त्या नजरेने यांनी मला मुलगा झाला तेव्हाही पाहिलं नव्हतं. शेजारची गिटारवाली मुलं गाद्या उचलून चुलीच्या छपराखाली गेली. सकाळी सातला तंबूवाली पोरं कुदळ-फावडी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, समद्या तंबूंना असाच चर मारून द्या की." झालं. आमचे हे पुन्हा कामावर रुजू. उतार कुठे, चर कुठे वळवायचा, पाणी सोडायचं कुठे, शेवटी मोर्चा धरणाकडे वळला. विल्सन धरण दगडी, १९२६ साली पुरं झालेलं, प्रवरेवर अजून ठामपणे उभं आहे, आणि "तुम्ही लोक एक तंबू कोरडा ठेवू शकत नाही!" पोरांनी हे बोलणं इतक्या मन लावून ऐकलं की मला त्यांची काळजी वाटली. दहा वाजेपर्यंत मला भांडायला माणूसच नव्हता.

हॉटेलांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. तिथे भांडण एसीवरून होतं आणि रिमोट ज्याच्या उशाखाली तो जिंकतो.

कोकणातलं घरगुती राहणं मात्र धोक्याचं. तिथे घरमालकीण बाजू घेते. आम्ही वेळासला गेलो होतो, मंडणगड तालुक्यात, नाना फडणवीसांचं गाव. पलीकडून बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोटीने आलं की रस्ता वाचतो. समुद्रकासवांची पिल्लं पाहायला तिथे फेब्रुवारी ते एप्रिल लोक येतात, आणि गावकरी आपापल्या घरात त्यांना उतरवून घेतात. पडवीत गाद्या, जेवायला कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी, फणसाची भाजी. मी ठरवून गेले होते की चार दिवस कुणाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आयुष्यात एकदा तरी आयतं ताट पुढे यावं, ते कसं दिसतं ते बघावं. अर्ध्या तासात मी त्या वहिनींच्या चुलीशी नारळ खवत बसले होते. सुट्टी खरोखर कशी घ्यायची असते हे मला कुणी शिकवलंच नाही, बी.एड.लाही नव्हतं.

नारळ खवता खवता बोलणं निघतंच. हे रोज सकाळी सहाला चहा मागतात, यांची बॅग मी भरते, मग यांना बॅगेत काही सापडत नाही आणि यांचं म्हणणं, मी ती चुकीची भरली. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि काही बोलल्या नाहीत. दुपारी जेवताना मला मोदक दोन वाढले आणि यांना एक. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोलकढीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी यांनी त्यांच्या न्हाणीघराचा नळ दुरुस्त करून दिला, तेव्हा वहिनींचं मत फिरलं. मग मला ऐकावं लागलं, "माणूस चांगला आहे हो तुमचा, काकू. आमच्यांना वायसर बदलायला सांगून शिमगा आला." परक्या घरातलं भांडण असं पंचायतीत जातं.

सकाळी आणि संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर. अंड्यांच्या घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते, ती उचलायची, पिल्लं निघाली असतील तर ती समुद्राच्या दिशेने वाळूवर सोडायची. कधी निघतात, कधी नाही. नाही निघाली तर लोक पैसे परत मागितल्यासारखे चेहरे करतात. आम्ही गेलो त्या संध्याकाळी निघाली, तळहाताहून लहान, आणि सरळ पाण्याकडे चालू पडली. आई तिथे कुठेच नाही. ती दीड-दोन महिन्यांपूर्वी अंडी घालून, वर वाळू ढकलून आपल्या वाटेने गेलेली. पोरांना एक फोन नाही, एक लाडवाचा डबा नाही. त्याच वेळी आमच्या चिरंजिवांचा पुण्याहून फोन, "आई, त्या फेरीबोटीत लाइफ जॅकेट होतं का?" मी म्हटलं, "नंतर बोलते, इथे मुलं निघालीत."

देवस्थानाच्या भक्तनिवासात तर वेगळीच पंचाईत. शेगावला सेवेकरी प्रत्येकाला माउली म्हणतात. "माउली, चप्पल इकडे." "माउली, रांग इकडून." आवाज मऊ आणि जागा झाडून-पुसून लख्ख. खोलीत गेल्यावर मी यांना म्हणणार होते की किल्ली खिशात ठेवायची असते, खिडकीत नाही. पण दिवसभर सगळ्यांनी ज्याला माउली म्हटलं, त्याला मी एकटीने काय म्हणावं? भिंतीवर महाराजांची तसबीर होती. किल्ली मीच उचलून पर्समध्ये टाकली. महाप्रसादाच्या रांगेत यांनी मला पुढे केलं आणि म्हणाले, "माउली, आधी तुम्ही." लग्नाला इतकी वर्षं झाली, मला आजवर कधी "आधी तू" ऐकलेलं आठवत नाही.

यांच्या नोकरीच्या काळात आम्ही विश्रामगृहांत राहिलो आहोत, घाटात, धरणांच्या काठी, इंग्रजांच्या वेळच्या उंच छताच्या बंगल्यांत. खानसामा अदबीने विचारायचा, "साहेब, रात्री काय करू?" आणि करायचा कोंबडीच. त्या खोल्या एवढ्या मोठ्या की पलंगाच्या या टोकाहून बोललेलं त्या टोकाला पोचेपर्यंत राग निवायचा. आता तिथली खोली मागितली तर आधी कामावरचे अधिकारी, मग आम्ही, आणि तो नियम रास्तच आहे. यांचा जीव मात्र अजून त्या व्हरांड्यात आहे. रस्त्याने जाताना तसला बंगला दिसला की हे गाडी हळू करतात आणि छपराची कौलं मोजतात.

गोडसे भटजी १८५७च्या बंडाच्या धामधुमीत उत्तरेत फिरले, झाशीत अडकले, लुटले गेले, आणि तरी त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये मुक्काम कुठे करायचा यावरून रुसवा-फुगवा असल्याचं मला आठवत नाही. कारण उघड आहे. त्यांच्याबरोबर काका होते. काकांशी कुणी वाद घालत नसे.

हल्ली आम्ही गाडी घरी ठेवून बरेचदा एसटीने जातो. तिथे मला बाई म्हणून अर्धं तिकीट आणि यांना पासष्टी उलटली म्हणून अर्धं. पहिल्यांदा हे हिशेब करून खूश झाले. मग कंडक्टर आला. यांनी आधार कार्ड काढून जन्मतारीख वर येईल असं धरलं. कंडक्टरने पाहिलंसुद्धा नाही. "राहू द्या बाबा, दिसतंय." पुढचा पाऊण तास हे खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे कुणी काहीच मागितलं नाही, हे मी दोनदा बोलून दाखवलं. एसटीत आवाज चढवता येतो, सगळ्या खिडक्या आपल्याहून जोरात खडखडत असतात.

पंच्याहत्तरी झाली की एसटी फुकट. यांना अजून थोडा अवकाश आहे, पण वही तयार आहे. त्यात जवळची गावं आधी आणि लांबची नंतर अशी यादी. मार्कंडा, हेमलकसा, लोणार, सगळी लांबची ठिकाणं पंच्याहत्तरीच्या पलीकडे सरकवलेली.

"आणि माझं अर्धं तिकीट कोण काढणार?" मी विचारलं.

"तू. तुला पेन्शन आहे."

"वाचलेले पैसे तुमचे आणि तिकीट माझं?"

कंडक्टर मागच्या सीटवर हिशेब करत होता. तो न राहवून म्हणाला, "बाबा, पण फुकटाच्या वेळी कार्ड नीट बघावं लागतं बरं का. तारीख तपासल्याशिवाय आम्ही सोडत नाही."

"खरंच तपासता?" यांनी मान वळवून विचारलं.

"तर! एकेकाची तपासतो."

पंच्याहत्तरीला तरी कुणीतरी आपल्या वयावर शंका घेणार, एवढ्यावरच हे खुलले. पेन काढलं आणि वहीत लांबच्या गावांखाली आणखी दोन नावं वाढवली.